चिचतांड्याचं नाव

पांढरकवडा
१४ जानेवारी २०२४

आदरणीय कोकिळा मॅडम यांना,
गझालाचा आदाब.

मी आसिमची मोठी बहीण. तुमच्या लोहाऱ्याच्या घरी एकदाच आली होती, त्याला घ्यायला. तुम्ही दोघं व्हरांड्यात त्याच्या प्रबंधाचे कागद पसरून भांडत होते, म्हणून मी फाटकाशीच थांबली. तुम्हाला फोन लावणार होती, पण आसिम सांगायचा, मॅडमना आता ऐकू येत नाही, त्यांच्याशी बोलायचं तर कागदावर. म्हणून हे पत्र.

आसिम सप्टेंबरात गेला. केळापूरच्या पुढे हायवेवर त्याच्या गाडीला ट्रकने उडवलं. पाठीवरच्या पिशवीत पाण्याचे नमुने होते. त्यातली एकही बाटली फुटली नाही.

त्याचा प्रबंध तुम्हाला ठाऊक आहे, आमच्या तालुक्यातल्या पिण्याच्या पाण्यावरचा. जवळजवळ लिहून झाला होता. विद्यापीठातून कळवलंय की जूनअखेर पूर्ण प्रबंध दिला तर मरणोत्तर पदवीचा विचार करू. त्याचे मार्गदर्शक म्हणाले, "जसा आहे तसा देऊन टाका, कोण वाचून राह्यलं?" अब्बांना हे लागलं. अब्बा बसस्टँडच्या मागे विजेच्या मोटारी रिवाइंड करतात. ते म्हणाले, "मोटरीच्या आत कोणी पाहत नाही म्हणून मी तार कमी भरतो का?"

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. ऱ्हस्व-दीर्घ मला जमतं. पण आसिमची वाक्यं वाचायला घेतली की ती चूक आहेत की बरोबर हेच कळत नाही. ओळीओळीत तो बोलत असतो. दुसऱ्या प्रकरणावर तुमच्या लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत. बाकीची प्रकरणं तुम्ही पाहाल का? पानं सोबत पाठवते.

अजून एक. अम्मी रोज मगरिबच्या, म्हणजे दिवेलागणीच्या वेळी दाराची कडी काढून ठेवते. आसिम त्याच वेळी घरी यायचा. पण तो तिला अजून स्वप्नातसुद्धा दिसला नाही. "सगळ्यांचे गेलेले येतात, माझाच काहून येत नाही?" असं ती शेजारणीला विचारते. प्रबंध झाला तर तिच्या हाती काहीतरी येईल, असं मला वाटतं.

आपली,
गझाला जफर


लोहारा, यवतमाळ
२ फेब्रुवारी

प्रिय गझाला,

सांत्वनाची पत्रं मला लिहिता येत नाहीत. आसिम गेल्याचं पेपरात वाचलं. तेव्हापासून व्हरांड्यातली दुसरी खुर्ची मी आत घेतलेली नाही. एवढंच सांगते.

पानं मिळाली. काम मी करीन. माझी रीत तुला माहीत असलेली बरी, म्हणजे नंतर रुसवा नको. वाक्य हातात घेतलं की मी त्याला विचारते, कोणी केलं, काय केलं, कुठे, किती? उत्तर वाक्यातच मिळायला हवं. "आढळून आले आहे", "असे म्हणणे वावगे ठरू नये" या शेपट्या मी कापते. 'जलस्रोत' म्हणजे विहीर असेल तर विहीर लिहायचं, हापशी असेल तर हापशी. मोठ्या शब्दाने माणूस मोठा होत नाही, फक्त वाचणारा लवकर झोपतो. मी आसिमला नेहमी विचारायचे, हे पान कोण वाचणार आहे? तो म्हणायचा, पाणीपुरवठ्याचा साहेब. मग मी म्हणायचे, त्या साहेबाला उभ्या उभ्या कळेल असं लिही.

तिसरं प्रकरण दुरुस्त करून सोबत पाठवते आहे. चौथ्यात मात्र अडले. पान ६१ वर हे वाक्य आहे: "अभ्यासक्षेत्रातील काही वस्त्यांमधील काही स्रोतांमध्ये फ्लोराइडचे प्रमाण चिंताजनक असल्याचे निदर्शनास आले आहे." काही म्हणजे कोणत्या? कोणाच्या निदर्शनास? चिंता कोणाला? पुढची चार पानं अशीच आहेत. हे आसिमचं मराठी नाही. तू त्याच्या जवळची, तुला काही माहीत असेल तर कळव.

कोकिळा गावंडे


पांढरकवडा
२० फेब्रुवारी

आदरणीय मॅडम,

तिसरं प्रकरण मी अम्मीला वाचून दाखवलं. अम्मी राळेगावकडची. घरात उर्दू बोलते, बाहेर अस्सल वऱ्हाडी, आणि लिहिलेलं मराठी तिला अर्धंच समजतं. तरी दर जुम्म्याला ती आसिमचं एक पान माझ्याकडून ऐकते. त्या दिवशी ती तांदूळ निवडत होती. दोन परिच्छेद झाल्यावर तिचा हात थांबला.

"ये कौनका है?"

मी म्हटलं, आसिमचं.

"नाही," ती म्हणाली. "ये कोई साहब है. आसिमला कुठी घालवला तुम्ही?"

मॅडम, मला राग आला. तुमचा नाही, पण तुम्हालाच सांगते. आसिम बोलताना प्रत्येक गोष्ट "आता पाहा" म्हणून सुरू करायचा. लिहितानाही तसंच. "आता पाहा, ही विहीर नाल्याच्या काठावर आहे." तुम्ही ते सगळे "आता पाहा" काढून टाकले. वाक्य साफ झालं, पण माझा भाऊ त्यातून निघून गेला. घरात त्याचा आवाज तेवढ्याच कागदांवर उरला होता.

पान ६१ चं मला काही माहीत नाही. अब्बांनाही नाही. शेवटच्या महिन्यात तो घरी कमी बोलायचा. कुठून आला विचारलं तर "गावावरून" एवढंच.

गझाला


लोहारा, यवतमाळ
२८ फेब्रुवारी

प्रिय गझाला,

अम्मीचं बरोबर आहे. "आता पाहा" परत घातले. सगळे नाहीत, जिथे खरंच काही पाहायचं आहे तिथलेच. ती त्याची लकब आहे, आणि लकबीने अर्थ झाकला जात नाही. मी घाई केली.

पण झाकलेलं कुठे आहे ते मी पुन्हा वाचून पाहिलं. इतर सगळीकडे तो स्वतः आहे. "मी दोर सोडला", "मी बाटली धुतली", "विहिरीच्या मालकाने मला हाकललं." पान ६१ आलं की हा 'मी' गायब होतो. मग कोणीच काही करत नाही, सगळं आपोआप निदर्शनास येतं. बत्तीस वर्षं भूगोलाचे प्रबंध तपासले मी. वाक्यातून कर्ता पळाला, की बहुतेक वेळा माणूस त्या जागी गेलेलाच नसतो. नमुने घेतले नाहीत आणि आकडे टाकले, असं पुष्कळांचं पाहिलं आहे.

मला वाटतं, तो तिथे गेलाच नसावा. ती चार पानं गाळावी लागतील. कडू आहे, पण नंतर कोणी परीक्षक बोलण्यापेक्षा मी बोललेलं बरं.

कोकिळा गावंडे


(कार्ड)

१५ मार्च

गझाला, उत्तर नाही. रागावली असशील तर राग लिहून पाठव. पानं पोचली का, तेवढं तरी.
को. गा.


पांढरकवडा
२२ मार्च

आदरणीय मॅडम,

रागावली होती. तुमचं पत्र मी अब्बांना दाखवलं नाही. पण डोक्यातून जाईना. आसिम खोटे आकडे टाकेल? मग मीच ठरवलं, जाऊन पाहायचं. त्याला अपघात झाला तो रस्ता ज्या गावांकडून येतो, तिथे एकेक करून गेली. शाळेला सुटी टाकून, रमजान असून.

काल चिचतांड्यावर पोचली. बंजाऱ्यांची वस्ती आहे, फाट्यापासून आत चालत जावं लागतं. होळी जवळ आली म्हणून बाया लिंबाखाली लेंगी म्हणत होत्या. मला पाहून गाणं थांबलं. एक म्हातारी उठली. तिला मान वळवता येत नाही, सगळं अंग वळवूनच ती पाहते. धनीबाई तिचं नाव.

"तू त्या बाटलीवाल्या भाऊची बहीण व्हय ना?" ती म्हणाली. "नाकावरून समजते."

मी हो म्हटलं. तिने हापशीचं पाणी लोट्यात भरून पुढे केलं. माझा रोजा होता, तसं सांगितलं. तिने लोटा खाली ठेवला आणि म्हणाली, "काल आलता तो."

"कोण?"

"तुहा भाऊ. दिवे लागाच्या टायमाले येते. हापशीचा दांडा वर-खाली होते. पाणी नाही निंगत. आमी दारं लावून घेतो."

मॅडम, भर उन्हात मी हापशीकडे वळून पाहिलं. तिला थट्टा करायची नव्हती. बाकीच्या बायांनीही माना खाली घातल्या होत्या.

तेवढ्यात तांड्याचा नाईक आला, फुलसिंग. त्याने मला खाटेवर बसवलं, आणि स्वतः जमिनीवर बसला. खाटेवर जागा असूनही. तो जे बोलला ते तुम्ही सांगता तसं सरळ लिहिते.

आसिम तिथे गेला होता. एकदा नाही, बरेचदा. हापशीचं पाणी त्याने तपासलं आणि त्यांना सांगितलं की या पाण्याने तुमच्या पोरांचे दात खराब होतात आणि म्हाताऱ्यांची हाडं आखडतात. त्याच महिन्यात फुलसिंगच्या पुतणीची, जमनीची, सोयरीक मोडली होती. पाहुणे तिचे दात पाहून उठून गेले. म्हणून सगळ्यांनी मिळून आसिमला गळ घातली, कागदावर तांड्याचं नाव नको. नाव छापलं तर इथली एक पोरगी जाणार नाही, एक सून येणार नाही. आसिमने शब्द दिला.

सप्टेंबरात तो पुन्हा आला. फुलसिंगला म्हणाला, "दादा, मले शब्दातून मोकळं करा. नाव नसंल तर कोणी साहेब इथं येणार नाही." फुलसिंग भडकला. आमच्या पोरी तुझ्या डिग्रीसाठी आहेत का, असं बोलला. आसिमने वाद घातला नाही. हापशीतून बाटल्या भरल्या. धनीबाईने चहा ठेवला होता, तो न घेताच गाडीला किक मारली. संध्याकाळी फाट्यावरून बातमी आली.

"तो जवाब घ्याले येते," फुलसिंग म्हणाला. "आमी ना म्हणून पाठवलं होतं."

म्हणजे तो खोटं लिहीत नव्हता, मॅडम. तो शब्द पाळत होता.

मी अम्मीला यातलं काही सांगितलं नाही. तिला म्हटलं, शाळेच्या कामाने गेलती. ती दाराकडे पाहत बसते आणि तो तिकडे एका हापशीवर थांबलाय, हे कोणत्या तोंडाने सांगू?

गझाला


लोहारा, यवतमाळ
२ एप्रिल

प्रिय गझाला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आसिमबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं. त्या पत्राचं तू काय करायचं ते कर, फाडलंस तरी चालेल.

आता काम. प्रबंधात गावाचं नाव न देता 'वस्ती क्रमांक अमुक' म्हणायची रीत आहे. परीक्षक हरकत घेणार नाही. आसिमचा शब्दही राहील. पण मग कोणताही साहेब त्या हापशीपर्यंत पोचणार नाही, आणि आसिमला शेवटी हेच टोचत होतं. नाव द्यायचं तर शब्द मोडतो, आणि मोडणारा जिवंत नाही. त्याच्या वतीने तो तू मोडू नको, मीही मोडणार नाही. ज्यांना दिला त्यांनीच परत द्यायला हवा.

माझं ऐकशील तर प्रबंध बाजूला ठेव. त्याच्याआधी एक पान लिही, जे पाणी पितात त्यांच्यासाठी. तेच त्याचे पहिले वाचक होते. मोजून चार-पाच वाक्यं. लिहून झालं की त्यांना वाचून दाखव, आणि जिथे त्यांचे चेहरे कोरे राहतील तिथे तुझं वाक्य वाईट आहे असं समज. त्यांना दोष देऊ नको.

अम्मीला सांग. तू माझ्याशी "आता पाहा"साठी भांडलीस, आणि आईशी मात्र पान ६१ सारखी बोलतेस.

एक लिहू की नको, कळत नव्हतं. यंत्र लावूनही मला आता माणसांचा नुसता गुंजारव ऐकू येतो. पण दुपारी ही पानं वाचते तेव्हा आसिमचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं, उजव्या बाजूने, त्या खुर्चीच्या बाजूने. मी भुतंखेतं मानत नाही. ऐकू येतं, एवढं खरं.

ईद मुबारक, थोडी आधीच.

कोकिळा


पांढरकवडा
८ मे

आदरणीय मॅडम,

रविवारी अब्बांना घेऊन चिचतांड्यावर गेली. अब्बांना जाताना बसमध्ये सगळं सांगितलं. ते रुमाल काढून पुन्हा पुन्हा घडी घालत राहिले. अम्मीला सांगायची हिंमत आम्हा दोघांनाही झालेली नाही.

लिंबाखाली पंधरा-वीस माणसं जमली. मी माझं पान वाचलं. पहिलं वाक्य होतं, "हापशीच्या पाण्यात फ्लोराइडचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आहे." फुलसिंगने विचारलं, "जास्त म्हणजे बरं ना?" धनीबाई म्हणाली, "गोड लागते पाणी. खराब कसं?" तुम्ही सांगितलेले कोरे चेहरे माझ्यासमोर होते. मी तिथेच बसून खोडलं आणि नवं लिहिलं:

"चिचतांड्याच्या हापशीचं पाणी पिऊ नका. त्यानं लेकरांचे दात डागतात आणि मोठ्यांची हाडं आखडतात. पाणी उकळलं तरी हा दोष जात नाही. बाबारावच्या शेतातल्या विहिरीचं पाणी चांगलं आहे, तेच प्या. कपडे-भांड्यांना हापशी चालते."

या वेळी कोणी काही विचारलं नाही. धनीबाईने दोन्ही हातांनी आपली मान धरली. "म्हणून व्हय हे," एवढंच म्हणाली. बाबारावचं शेत नाल्यापलीकडे आहे, त्या विहिरीचं पाणीही आसिमने तपासलं होतं. तांड्यावर पोचल्याबरोबर अब्बा त्यांच्याकडे जाऊन आले होते. पाण्याले नाही म्हणणारा मी कोण, असं बाबाराव म्हणाले.

मग मी नावाचं विचारलं. "माह्या भावानं तुम्हाले शब्द दिला होता. तो तुमच्याजवळ आहे. ठेवायचा असंल तर ठेवा, आम्ही नाव लिहिणार नाही." असंच बोलली, घरी ठरवलेलं शुद्ध मराठी विसरून.

 फुलसिंग काडीने माती उकरत होता. बायांमधून एक मुलगी उभी राहिली, तोंडावर ओढणी धरून. ती जमनी. तिने ओढणी खाली सोडली. समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, मॅडम, आणि चेहरा इतका देखणा की मला पुढे काय पाहावं कळेना.

"माह्ये दात पाहून पाहुणे गेले," ती म्हणाली. "तवा कुठी नाव लिवलं होतं, काका? नाव नसूनही गेलेच ना?" तिच्या वहिनीच्या मांडीवर तान्ही पोर होती. तिच्याकडे बोट करून म्हणाली, "इचे दात तर यायचेच आहेत अजून. लिवू दे त्याले."

'त्याले' म्हणाली ती. 'तिले' नाही.

फुलसिंग माती उकरतच राहिला. दिवस बुडत होता. आम्ही निघायला उठलो, तेव्हा हापशीचा आवाज आला. मी ऐकला, अब्बांनी ऐकला, सगळ्यांनी ऐकला. कर्र करून दांडा वर गेला, आणि खाली आला. हापशीजवळ कोणी नव्हतं. वारा नव्हता, लिंबाचं पान हलत नव्हतं. बाया लेकरांना उचलून घराकडे सरकल्या.

फुलसिंग उठला. आवाजाच्या दिशेने चालत गेला, हापशीपासून दोन हातांवर उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "भाऊ, नाव लिव. तवा मी ना म्हणलं होतं. आता हो म्हणतो."

दांडा पुन्हा एकदा वर गेला, सावकाश खाली आला आणि थांबला.

अब्बा म्हणाले, बेअरिंग गेलं असंल. असं म्हणत ते हापशीकडे गेले आणि दांड्यावर हात ठेवून उभे राहिले, बराच वेळ. परत आल्यावर म्हणाले, "गरम आहे." मे महिन्यात लोखंड गरम असतंच. पण बसमध्ये ते तो हात दुसऱ्या हातात धरून बसले होते.

गझाला


लोहारा, यवतमाळ
१७ मे

प्रिय गझाला,

चौथं, म्हणजे शेवटचं प्रकरण सोबत आहे. पान ६१ आता असं वाचलं जाईल:

"आता पाहा, चिचतांड्यात पिण्यासाठी एकच हापशी आहे. मी तिच्या पाण्याचे सहा वेळा नमुने घेतले. त्यात लिटरमागे सरासरी ४.२ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात ते दीडच्या वर नसावं. हे पाणी पिण्यायोग्य नाही."

आकडे त्याच्याच तक्त्यातले आहेत. यातला 'मी' मीच परत घातला. त्याला हात लावू नको. कोणी म्हणेल, मयत माणसाच्या प्रबंधात 'मी' कसा? पाणी त्याने काढलं, बाटली त्याने भरली. दुसरा कर्ता कुठून आणायचा?

माझं काम संपलं. तुझं एक वाक्य राहिलंय, ते अम्मीला सांगायचं आहे. कागदावर नको, तोंडाने सांग.

कोकिळा


पांढरकवडा
२० जून

आदरणीय कोकिळा मॅडम,

प्रबंध काल दिला. पोच मिळाली. पदवीचं कळायला वेळ लागेल म्हणतात. पान ६१ ची प्रत मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आधीच दिली होती; त्यांचा माणूस चिचतांड्यावर येऊन, पाणी पिऊ नये म्हणून हापशीला लाल रंग देऊन गेला. नळाचं विचारलं तर "बघू" म्हणाला. जमनीच्या चुलतबहिणीची सोयरीक मोडली. नाव आता सगळीकडे झालंय. हेही तुम्हाला माहीत असावं. जमनी आता रोज बायांना घेऊन बाबारावच्या विहिरीवर जाते.

अम्मीला मी सांगितलं. बकरी ईदच्या आदल्या दिवशी, ती मसाला वाटत असताना. आसिम चिचतांड्यावर थांबला होता, तिथले लोक म्हणतात, एवढंच सांगितलं. मला वाटलं ती कोसळेल. तिने हात धुतले, बुरखा घातला आणि म्हणाली, "म्हणून घरी येत नव्हता. चल, त्याले घेऊन येऊ."

तांड्यावर पोचलो तेव्हा दुपार टळली होती. फुलसिंगने सांगितलं, त्या दिवसापासून दांडा हलला नाही. मला भीती वाटली की अम्मी रिकाम्या हाताने परतेल. ती हापशीच्या ओट्यावर बसली. ओटा कोरडा होता. धनीबाई तिच्याशेजारी येऊन बसली, मान न वळवता.  दिवस मावळला. अम्मीने तिथेच नमाज अदा केली. आवाज झाला नाही, दांडा हलला नाही. मी डोळे फाडून पाहत होती, मॅडम, काहीही दिसलं नाही.

मग अम्मी उठली. बुरख्याची धूळ झटकली आणि बाजूला पाहून म्हणाली, "चलो बेटा. हो गया तुम्हारा काम."

धनीबाईने हात जोडले. अम्मीकडे नाही, थोडं तिच्या डावीकडे.

फाट्यावर शेवटची बस मिळाली. ईदच्या बाजारामुळे गच्च भरली होती. मागे तिघांचा एक बाक रिकामा होता. अम्मी आत सरकली नाही. खिडकीची जागा सोडून मधे बसली, मी कडेला. कंडक्टर आला. मी पैसे काढत होती, तोवर अम्मीच बोलली.

"दोन अर्धे, एक पूर्ण. पांढरकवडा."

बायांना अर्धं तिकीट लागतं. कंडक्टरने आम्हा दोघींकडे पाहिलं. "पूर्ण कोणाचं, मावशी?"

"पोराचं."

तो खिडकीच्या जागेकडे पाहत राहिला.  त्याने मशीन दाबलं, तीन तिकिटं निघाली, ती अम्मीच्या हातात देऊन तो पुढे गेला. माणसं दांड्याला लोंबकळत उभी होती. टोपलं घेतलेली एक बाई आमच्या बाकापर्यंत आली, थांबली आणि मागे वळली. अख्ख्या रस्त्यात त्या जागेवर कोणी बसलं नाही. केळापूरच्या पुढे अपघाताची जागा आली तेव्हा मी डोळे मिटले. अम्मीने मिटले नाहीत.

स्टँडवर गाडी थांबली. सगळे उतरेपर्यंत अम्मी बसून राहिली. मग ती उठली, पायरीवरून खाली आली आणि दाराकडे तोंड करून हात पुढे धरला, लहान मुलाला उतरवताना धरतात तसा.

"संभलके," ती म्हणाली. "पायरी उंच आहे."

तुमची,
गझाला